बाळोत्याचे कापड

वऱ्हाडच्या कापसाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचे भाव, त्याचे गठ्ठे, त्याच्या पेढ्या, त्याच्यापायी आलेली आगगाडी आणि त्याच्यापायी बुडालेले कुणबी, या सर्वांचा इतिहास ग्रंथांतरी सापडतो. परंतु हा कापूस सूत होऊन, कापड होऊन, लुगडे म्हणून अंगावर झिजून अखेर ज्या मुक्कामास पोचतो, त्या मुक्कामाचा इतिहास कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. तो मुक्काम म्हणजे तान्ह्या मुलाचे बाळोते. विषय ऐकून कित्येक वाचक नाकास पदर किंवा उपरणे लावतील हे आम्ही जाणून आहो. पण जिच्यावाचून राजाचे काय आणि रंकाचे काय, पहिले वर्ष पार पडले नाही, ती वस्तू इतिहासाने विटाळाची मानावी हे आम्हांस पटत नाही. घरच्या गरिबीची खरी मोजदाद पंक्तीच्या पानावरून होत नाही. पान उसने आणता येते. ती दोरीवर वाळत घातलेल्या बाळोत्यांवरून होते.

विवेचनास एखादे ठिकाण डोळ्यांपुढे असलेले बरे, म्हणून आम्ही वाशीम जिल्ह्यातील मानोरा घेतो. अरुणावतीच्या वरच्या खोऱ्यातला हा तालुका. एका अंगास कारंजे, एका अंगास मंगरूळपीर, एका अंगास दिग्रस. खालच्या सपाटीस काळी जमीन आणि टेकड्यांवर मुरमाड. गावोगावच्या शिवारांत बंजाऱ्यांचे तांडे. त्यांची काशी जी पोहरादेवी, ती याच तालुक्यात. इंग्रजी अमदानीत हा मुलूख बाशीम जिल्ह्यात असे. १९०५ साली तो जिल्हा मोडला, त्याचे तालुके अकोला व यवतमाळ या दोहोंत वाटले गेले, आणि १९९८ साली वाशीम जिल्हा पुन्हा उभा राहिला. येथे ना राजवाडे, ना मोठाल्या गिरण्या. आमच्या विषयाला असेच ठिकाण हवे होते; कारण जेथे पैसा मोजका, तेथे कापड कसे वागवले जाते हे स्पष्ट दिसते.

प्रथम वस्तू कोणती ते सांगू. पूर्वी नऊवारी लुगडे विरून नेसण्याच्या कामातून गेले की त्याचे काठ व पदर उसवून बाजूस काढीत. काठाची वीण घट्ट असते, ती कोवळ्या मांडीस टोचते. उरलेले कापड पाऊण पाऊण वाराला फाडले म्हणजे हिशेबाने बारा तुकडे पडतात. प्रत्यक्षात गुडघ्यावर, बसण्याच्या जागी लुगडे आधीच फाटलेले असल्यामुळे आठ-नऊच चांगले निघत. त्यांतला एक तुकडा घडी घालून मुलाच्या खाली, एक त्रिकोणी करून कमरेस, आणि काठाच्या चिंध्यांची नाडी, झाला लंगोट. धोतराचे बाळोते त्याहून मऊ, पण धोतर घरात पुरुष किती त्यावर अवलंबून. पहिल्या महिन्यात मूल दिवसारात्रीतून पंधरा-वीस वेळा भिजवते. तेव्हा दोन लुगडी आणि एक धोतर फाडल्याशिवाय बाळंतिणीची दोरी भरत नसे, आणि ज्या घरात बाईजवळ एकूण लुगडीच दोन, त्या घरात फाडावयाचे काय हा प्रश्न मूल जन्मण्याच्या आधीच उभा राही.

जुनेच कापड का, याचे उत्तर गरिबी एवढेच देऊन भागत नाही. कोऱ्या कापडात खळ असते, आणि कापसाच्या तंतूवर मुळात मेणासारखा एक सूक्ष्म थर असतो. ती खळ आणि तो थर निघून जाईपर्यंत कापड पाणी पीत नाही. वरच्यावर ओघळून टाकते. शंभर वेळा धुतलेले, उन्हात पडलेले, अंगाच्या घामाने मुरलेले कापडच मुलाची ओल आपल्यात घेते. नव्या मुलास पाचवी-सहावीपर्यंत कोरे वस्त्र घालू नये, ज्या बाईची मुले जगली तिचे जुने लुगडे मागून आणावे, असे जे रिवाज आपल्या घरांतून चालत आले, त्यांस सटवाईच्या भयाचा रंग असला तरी पायात हा साधा अनुभव आहे. शिवाय त्या रिवाजाने मागणे लाजिरवाणे राहिले नाही. संपन्न घरची सूनही शेजारणीचे जुनेर मागे. मग गरिबाच्या सुनेने मागितले तर त्यात उणेपणा कसला? आमच्या मते रूढीने केलेल्या थोड्या उपकारांत हा एक मोठा उपकार होय.

या बाबतीत सर्वांत जुनी साक्ष आमच्या माहितीप्रमाणे चरकसंहितेची आहे. तिच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागाराचे, म्हणजे मुलाच्या खोलीचे, वर्णन आहे. मुलाची अंथरुणे-पांघरुणे मऊ, हलकी, स्वच्छ व सुगंधी असावीत. घामाने, मळाने, किड्यांनी वा मलमूत्राने खराब झालेली टाकून द्यावीत, असे तेथे सांगितले आहे. येथवर ते राजवैद्याचे बोलणे वाटते. पण पुढे लगेच पुस्ती जोडली आहे, की दुसरी मिळण्यासारखी नसतील तर तीच नीट धुऊन, धुरी देऊन, स्वच्छ व कोरडी करून वापरावीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकर्त्यास, आपला ग्रंथ ज्या घरी वाचला जाईल त्या घरी दुसरे कापड असेलच असे नाही, याची जाणीव होती! हल्लीच्या बालसंगोपनाच्या पुस्तकांत अशी पुस्ती आम्ही शोधतो, आणि क्वचितच सापडते.

धुरीसाठी चरकाने जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड इत्यादी द्रव्ये तुपाशी मिसळून सांगितली आहेत. आपल्या आज्या-पणज्यांनी ग्रंथ पाहिला नव्हता. तरी शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची साले टाकून वर टोपले पालथे घालीत आणि त्या टोपल्यावर ओलसर बाळोती पसरीत. वऱ्हाडात मृगापासून पोळ्यापर्यंत आभाळ धरते. त्या दिवसांत या टोपल्याखेरीज गती नसे. ओले बाळोते बांधले की दोन दिवसांत मांड्यांच्या सांध्यांत पुरळ उठते, कातडे सोलवटते, आणि मूल रात्रभर किंचाळते, हे सांगावयास वैद्य लागत नाही.

आता कापड येई कोठून ते पाहू. आगगाडीपूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. मानोऱ्याच्या आसपास आज जे तांडे स्थिरावलेले दिसतात, त्यांच्या पूर्वजांचा तोच धंदा. गंगेकाठच्या मिर्झापुरापर्यंत, सुमारे ५०० मैल, हे लमाणांचे बैल कापूस नेत व तिकडून दुसरा माल आणीत. १८४२ साली उमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैल भरून कापूस कलकत्त्यास धाडला असे सांगतात. परंतु सगळाच कापूस बाहेर जात नसे. घरोघर बायका सूत काढीत, आणि कोष्टी व महार विणकर त्याचे जाडेभरडे कापड विणीत. हे कापड आज कोणास दाखविले तर तो त्यास गोणपाट म्हणेल. ते मऊ होण्यास वर्षे लागत. पण एकदा मऊ झाले म्हणजे त्याचे बाळोते एका मुलावर संपत नसे. थोरल्याचे धाकट्यास आणि धाकट्याचे भाच्यास, असा त्याचा प्रवास चाले, आणि अखेरीस ते गोधडीच्या पोटात जाई.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. त्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी माजली. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि लिव्हरपूलच्या बाजारात उमरावतीचे नाव दुमदुमले. कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला, पण कापूस लावण्याची सवय राहिली. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोचला. १८७० साली खामगावचा फाटा लॉर्ड मेयोने स्वतः येऊन उघडला. त्या काळी या प्रांतांवर हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचे कापूस-कमिशनर होते. त्यांनी १८६९ च्या सुमारास सरकारास जे लिहिले त्याचा मथितार्थ असा, की आगगाडी आली म्हणजे विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकता येईल. मग जो कापूस येथेच सुतासाठी खपतो तो परदेशी जाईल, आणि सूत-विणकामात गुंतलेली माणसे शेतमजुरीस मोकळी होतील. इतक्या निर्मळ मनाने लिहिलेला दुसरा सरकारी कागद आम्ही पाहिलेला नाही. त्यात कपट नाही, कारण आपण काही वावगे बोलतो आहो अशी लिहिणाऱ्यास शंकाही नाही.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. गिरणीचे कापड आले त्याने विणकर बुडाला, सूतकताईचे चार पैसे बाईच्या हातून गेले. पण तान्ह्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर ते कापड पातळ होते, मऊ होते आणि वाराला स्वस्तही होते. १८७७ च्या जानेवारीत जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली, तेव्हा तर ते कापड परदेशचेही राहिले नाही. स्वदेशीच्या आवेशात ही गोष्ट आपण विसरतो. मांजरपाटाचे दुपटे आणि मलमलीचा लंगोट हे गरिबाच्या घरी गिरणीनेच आणले. फरक पडला तो असा, की पूर्वी कापड घरच्या कापसाचे व घरच्या हातचे होते, आता ते रोख पैशाचे झाले. कापूस विकून पैसा, पैशातून सावकार व सारा, आणि उरल्यास कापड, अशी साखळी जुळली. तिचे शेवटचे टोक ते कापड. म्हणून साखळी तुटली की पहिला हिसका त्यासच बसे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडातील माणसे अन्नावाचून मेली हे सर्वांस ठाऊक आहे. पण ज्या वर्षी कापूस पिकत नाही त्या वर्षी धान्यही विकत घ्यावे लागते, आणि तेव्हा बाई अंगावरचे लुगडे आणखी एक वर्ष नेसते. ते फाडावयास मोकळे होत नाही, हे मात्र कोठल्याही दुष्काळाच्या अहवालात यावयाचे नाही.

दुसऱ्या महायुद्धात तर दुष्काळावाचूनच कापडाचा दुष्काळ पडला. गिरण्यांचा माल लष्कराकडे वळला, उरलेल्याचे भाव आकाशास भिडले, आणि १९४३ च्या जूनमध्ये सरकारने कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. ठाणावर किंमत छापावयाची, तीहून अधिक घ्यावयाची नाही, असा तो हुकूम. छापील किंमतीचे कापड मात्र दुकानाच्या पुढल्या दाराने क्वचितच मिळे. १९४८ च्या जानेवारीत नियंत्रण उठविले, भाव भडकले, आणि त्याच वर्षी ते पुन्हा बसवावे लागले. या पाच वर्षांत ज्यांची पहिली बाळंतपणे झाली त्या पिढीच्या आयांना चिंधी जपण्याचे जे वळण लागले ते जन्मभर सुटले नाही. त्यांच्या मरणानंतर लेकीसुनांनी पेट्या उघडल्या तेव्हा पैशांऐवजी धुऊन, घडी घालून, काठाच्या नाडीने बांधलेली जुनेराची गाठोडी निघाली, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल.

कापडाचा हा झाला वरचा खर्च. खालचा खर्च कोणी मांडीत नाही, तो धुण्याचा. चिखलमातीचे कापड आणि बाळोते यांत अंतर आहे. बाळोते आधी गार पाण्यात खळबळून काढावे लागते, कारण एकदम कढत पाणी ओतले तर डाग धाग्यात बसतो. मग राखेचे निवळ पाणी किंवा साजीखार, रिठा, पुढे साबण. गोदरेजांनी १९१९ च्या सुमारास चरबीवाचून वनस्पती तेलाचा साबण काढला, त्यामुळे सोवळ्या घरांची अडचण दूर झाली. तरी कपड्याचा साबण खेड्यात ही चैनच राहिली. १९६९ साली करसनभाई पटेलांनी निरमा काढली, तेव्हा कोठे धुण्याची पूड मजुराच्या घरी शिरली. पण साबण कोणताही असो, पाणी आणावे लागे, आणि उन्हाळ्यात मानोऱ्याच्या टेकडीवरच्या वस्तीस एक घागर म्हणजे अर्धा तास. बाळंतीण सव्वा महिना पाण्यात हात घालीत नाही. मग ही वीस बाळोती रोज धुणार कोण? सासू असेल तर सासू. नाही तर घरातली आठ-दहा वर्षांची मुलगी. धाकट्या भावाच्या जन्माने थोरलीची शाळा सुटली असे जेव्हा आपण ऐकतो, तेव्हा तिला मूल सांभाळावे लागले एवढेच आपल्या ध्यानात येते. ती बाळोत्यांच्या टोपलीसह नदीवर असे. जुन्या काळच्या काटकसरीची जी वाखाणणी चालते तिच्यात या मुलीची मजुरी धरलेली नसते, आणि म्हणून ती वाखाणणी आम्ही अर्ध्याच मनाने ऐकतो.

जाता जाता एक आठवण येते. याच वऱ्हाडात, उमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, १८७६ साली एका परटाच्या घरी डेबूजी जन्मला. तोच पुढे गाडगे महाराज. चिंध्यांची वाकळ पांघरून, हाती खराटा घेऊन त्यांनी गावे झाडली. जातीने धुण्याचा धंदा, अंगावर दुसऱ्यांनी टाकलेले कापड. वऱ्हाडच्या गरिबाची दोन्ही ओझी त्यांनी उघड्यावर मिरविली.

असो. आतापर्यंत जे सांगितले त्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती ही की घरात जुने सुती कापड आहे. ते थोडे असेल, मागून आणलेले असेल, पण आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत नेमके तेच नाहीसे झाले. १९६६ साली अहमदाबादेजवळ नरोड्यास रिलायन्सची कापडगिरणी निघाली. १९८२ साली पाताळगंगेस त्यांचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. आणि १९८५ च्या वस्त्रधोरणाने सरकारने सुती व कृत्रिम धाग्यांस बरोबरीचा मान दिला. १९७६ पासून हातमागावर गरिबांसाठी जनता साड्या व जनता धोतरे विणविली जात, ती योजनाही पुढे मावळली. कृत्रिम धाग्याची साडी स्वस्त, रंग पक्का, धुतली की क्षणात वाळते, दहा वर्षे फाटत नाही. रोज शेतात वाकणाऱ्या बाईने ती का पसंत करू नये? आम्ही तिला दोष देत नाही. पण कापूस हवेतूनच आपल्या वजनाच्या शेकडा आठ ओलावा धरतो आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. जे दहा वर्षे विरत नाही ते दहा वर्षांनीही मऊ होत नाही, आणि पाणी तर कधीच पीत नाही. आजी पाचवारी नेसू लागली, ती पाचवारी कृत्रिम झाली, आजोबांचे धोतर जाऊन विजार आली, आणि पेटीतले गाठोडे भरावयाचे थांबले. इकडे शेतातही वाशीम जिल्ह्यात कापसाची जागा बहुतांशी सोयाबीनने घेतली.

म्हणून आजची आई आळशी झाली, तिला बाळोती धुवावयास नकोत, असे जे ओटीवर बसून म्हटले जाते ते आम्हांस अन्यायाचे वाटते. टाकाऊ डायपर अमेरिकेत १९६१ च्या सुमारास बाजारात आला, आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात. दहा रुपयांस एक आणि दिवसास पाच धरले तर महिन्याचे १५०० रुपये होतात. मजुरीवर जगणाऱ्या घरास हे परवडत नाही, म्हणून तेथे तो रात्रीपुरता किंवा दवाखान्यात-प्रवासात जाण्यापुरता येतो, आणि पुष्कळदा एकच रात्रभर ठेवला जातो. म्हणजे ओल्या बाळोत्याचा जुना पुरळ नव्या वेषाने परत येतो. सरकारने २०१७ साली त्यावर शेकडा १२ कर बसविला, तो २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून ५ वर आणला. आणि तो टाकावा कोठे? कागदात गुंडाळून वेगळा द्यावा असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले. पण ज्या तांड्यावर कचऱ्याची गाडीच जात नाही तेथे तो नाल्यात जातो किंवा जाळला जातो.

मधला मार्ग नाही असे नाही. बाजारात मलमल किंवा सुती ताग्याचे कापड अजून मिळते. पाऊण मीटरचे चोवीस तुकडे म्हणजे अठरा मीटर. ते आठ-दहा वेळा कढत पाण्यात धुऊन खळ घालविली म्हणजे जुनेराच्या जवळपास येते, आणि पुढच्या मुलासही पुरते. पण अठरा मीटरचे पैसे एकदम हातात हवेत, आणि डायपर एकेक मिळतो. गरिबाची खरेदी नेहमी अशी सुटी होते, आणि म्हणून ती महाग पडते.

लेकीस सातवा महिना लागला की आजही मानोऱ्याकडची एखादी आई गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे जाते. त्या म्हातारीने सुती नऊवारी सोडलेली नसते, हे सर्वांस ठाऊक असते. म्हातारी आत जाऊन दोन लुगडी घेऊन येते, दोन्ही हातांनी चाचपून पाहते, आणि जे अधिक मऊ असते ते देते. उरलेले, जरा कोरे, ते ती स्वतः नेसते.